मानाचा गोल

माझे मोठेबाबा खुशालराव यांनी बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत फुटबॉलचा संघ काढला, स्वतःच त्याचे कप्तान झाले, स्वतःच सेंटर फॉरवर्ड झाले आणि पुढे चार-पाच वर्षं त्या संघाला एकही गोल करू दिला नाही. इतरांना गोलपासून अडवायला समोरचा संघ लागतो. आमच्याकडे ती व्यवस्था घरचीच होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घर एकत्र, वावर काळ्या मातीचं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चांगली पिकायची, आणि पाटीलकी कागदावरून गेली तरी अंगातून गेलेली नव्हती. आमच्या घरात मान नावाची एक वस्तू होती. ती मला कधी दिसली नाही, पण दुखावली की मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, चुलीपासून हळूच सांगायची, "आज त्यायच्या वाटेले जाऊ नको वं शकुन." बैल लंगडला तर त्याला शेक मिळायचा. मान दुखावला तर सगळ्या घराला उपास पडायचा.

फुटबॉलसुद्धा मानापायीच सुरू झाला. बडनेऱ्यात नवी वस्ती रेल्वेवाल्यांची. संध्याकाळी ते लोक रुळांपलीकडच्या मैदानावर खेळायचे. सत्तावन्न साली मोठेबाबा एकदा बाजूला उभे राहून खेळ बघत होते, तर तिथला एक गार्ड हसून म्हणाला, "पाटीलसाहब, ये बैल के पीछे चलनेवालों का खेल नहीं." वास्तविक मोठेबाबा बैलामागे कधी चालले नव्हते. त्यासाठी वर्षाच्या बोलीचा गडी, सालदार होता. पण बोलणं लागलं ते लागलं. दुसऱ्या दिवशी ते गाडीनं नागपूरला गेले आणि एक चामड्याचा चेंडू आणि एक बुटांचा जोड घेऊन आले. जोड अर्थात त्यांच्या मापाचा. बाकीचे दहा जण अनवाणी खेळले, आणि त्यात कोणाला काही कमी वाटलं नाही.

चेंडू चामड्याचा म्हणून मोठ्या आईनं घरात घेतला नाही. तो गोठ्यात, बैलांच्या घुंगुरमाळांशेजारी खुंटीला टांगला गेला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून हिंगूळ उरला, तो गड्यानं चेंडूला फासला, आणि पुढच्या सामन्यात आमच्या गोलकीपरचे दोन्ही हात लाल झाले. चेंडू हाताला लागला होता याचा तेवढाच पुरावा त्या वर्षी मिळाला.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच सामन्यात आमच्या देवीदास न्हाव्यासमोर गोल मोकळा आला. त्यानं पाय उचलला, तेवढ्यात मैदानाच्या मधून मोठेबाबांची हाक आली, "थांब बे! पयला गोल मानाचा!"

देवीदास थांबला. पाय हवेतच. रेल्वेवाल्यांनी चेंडू काढून घेतला आणि तिकडे जाऊन आमच्यावर गोल केला.

तुम्हाला वाटेल, गावकऱ्यांनी मोठेबाबांना मैदानातच जाब विचारला असेल. छे! सगळ्यांनी माना डोलावल्या. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाते? आमची. आमची जोडी गेल्याशिवाय गावातला एक बैल पुढे सरकत नाही. एका वर्षी कोणाचा तरी गोऱ्हा घुंगरांना बुजून आधी तोरणाखालून निसटला, तर लाठ्या निघाल्या आणि पोळा तसाच फुटला. मग गोल म्हणजे तरी काय? दोन खांब आणि वर एक दांडी. तोरणच की! मानाची जोडी आधी, मग सगळा गाव. मोठेबाबांनी पहिला गोल करायचा, त्यानंतर ज्याला जितके करायचे तितके त्यानं करावेत. नियम साधा होता. अडचण एवढीच होती की मोठेबाबांना गोल करता येत नव्हता.

ते पळत नसत. पळणं हे मानाच्या माणसाचं काम नाही. डोक्यावरची टोपी काढत नसत, त्यामुळे डोक्यानं चेंडू मारायचा प्रश्नच नव्हता. ते समोरच्या गोलपाशी जाऊन उभे राहत आणि चेंडू आपल्याकडे आणला जाण्याची वाट बघत. चेंडू आला की शिट्टी वाजे. ऑफसाइड. हा शब्द त्यांनी जन्मभर शिवीसारखा वापरला. "माह्या गावात मी कुठी उभं राहाव, हे हा रेल्वेचा माणूस मले सांगते?" असं ते पंचाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. पंच तोच गार्ड असायचा. तो आनंदानं पुन्हा शिट्टी वाजवायचा.

एकदा आम्हाला पेनल्टी मिळाली. सगळा गाव उभा राहिला. मोठेबाबांनी चेंडूला हात लावून नमस्कार केला, मागे गेले, पुढे आले, आणि मारला. चेंडू इतका सावकाश गेला की समोरच्या गोलकीपरनं आधी पँट वर ओढली, मग वाकून चेंडू उचलला. "काय नेम हाये!" पुंजाजी ओरडला. "सरळ गेला, सरळ!"

हा पुंजाजी आमचा भाट. पोळ्याला बैलांपुढे ज्या यमकी झडत्या म्हणतात, तशा तो मैदानावर जुळवून म्हणायचा.

"चाक रे चाक, रेंगीचं चाक,
रेल्वेवाल्यायचं आज कापू नाक!
हर बोला, हर हर महादेव!"

आम्ही पोरंसोरं बेंबीच्या देठापासून हर बोला करायचो. तासाभरानं आमचंच नाक कापून घेऊन परत यायचो. वाटेत मोठी माणसं एकमेकांना सांगायची, "हारलो, पण मान नाई सोडला." मला ते पटायचं नाही. शाळेत नव्या वस्तीच्या पोरी विचारायच्या, "काय गं, तुमचा गोल कधी आहे? पत्रिका पाठवा." मी एकीची वेणी धरून ओढली आणि मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. मारुतीला नारळ बोलले. मला पोळ्याच्या मानाशी काही घेणंदेणं नव्हतं, मला एक गोल बघायचा होता. कोणाच्याही पायानं.

आणि असा पाय आमच्या संघात होता. तो देवमनचा.

देवमन हा आमच्या सालदाराचा, डोमाजीचा मुलगा. डोमाजी ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. छप्पन्न साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि आल्यावर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. मेलेलं ढोर ओढणार नाही आणि उरलंसुरलं अन्न घेणार नाही. मोठेबाबा महिनाभर धुमसले. मग म्हणाले, "वावरातलं काम तं करशीन ना?" ते डोमाजीनं धरून ठेवलं, कारण घरात खायला लागतं आणि त्याच्याकडे वावर नव्हतं.

देवमन सातवी शिकला होता, कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरतं काम करायचा, आणि पावसाळ्यात रिकामा असायचा. मोठेबाबांनी त्याला संघात घेतलं ते उदारपणानं नव्हे. अकरा जण भरत नव्हते. पण एकदा घेतल्यावर त्याच्याशिवाय पान हलेना. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यागत राहायचा. रेल्वेचे धिप्पाड बॅक त्याच्या अंगावर यायचे आणि त्याच्यामागे चिखलात बसलेले दिसायचे. मग तो मोकळ्या गोलपुढे येऊन थांबायचा, वळून बघायचा, आणि चेंडू अलगद मोठेबाबांच्या बुटापाशी ठेवायचा. ताटात वाढावं तसा. मोठेबाबा तो बाहेर मारायचे.

मध्यंतरात सगळ्यांना लिंबाच्या फोडी आणि पाणी मिळे. घागर एकच. दहा जण तांब्यानं प्यायचे, देवमनला ओंजळीत वरून ओतायचे. त्याच्या छातीवरून उतरलेला चेंडू मोठेबाबांना चालायचा, तांब्या चालत नव्हता. देवमन ओंजळ धरायचा, थोडं पाणी प्यायचा आणि उरलेल्यानं तोंड धुवायचा. नंतर नंतर त्यानं पाणी पिणंच सोडलं. मला याची चीड यायची, पण ती कोणाला सांगायची सोय नव्हती. मोठ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू पोरगी हायेस, तुहा तरी कोणता तांब्या हाये?"

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात अकोल्याचे भगवंतराव नावाचे एक गृहस्थ काही कामानं बडनेऱ्याला आले आणि गाडीला वेळ होता म्हणून सामना बघत बसले. अकोल्याच्या एका मिलचा संघ त्यांच्याकडे होता. खेळणारा चांगला दिसला की ते त्याला मिलमध्ये पक्कं काम लावून द्यायचे. त्यांनी देवमनचा खेळ पाहिला आणि सामना संपल्यावर त्याला बाजूला बोलावलं. आम्ही पोरं लगेच जवळ जाऊन उभी राहिलो.

"अरे, मोकळा गोल सोडून तू चेंडू त्या टोपीवाल्याला का देतोस?"

"पयला गोल मानाचा असते, सायेब."

"कोणाचा?"

देवमननं समजावून सांगितलं. भगवंतराव आधी हसले, मग हसायचे थांबले. "पोळ्यानंतर अकोल्याला स्पर्धा आहे, संघ घेऊन या. मिलचे साहेब बघायला येतात. त्यांच्यासमोर एक गोल मार, नोकरी तुझी. पण गोल न मारणारा फॉरवर्ड मी त्यांना काय म्हणून दाखवू?"

ही गोष्ट चूल विझायच्या आत सगळ्या बडनेऱ्यात झाली. डोमाजीच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल ते मी आज सांगू शकते. डोमाजी थकला होता. येत्या पाडव्याला साल संपल्यावर त्याच्या जागी देवमननं आमच्याकडे सालदार राहायचं, हे मोठेबाबांनी ठरवूनच टाकलं होतं. बापाच्या जागी लेक, त्यात विचारायचं काय? म्हणजे देवमनपुढे दोनच रस्ते होते. अकोल्याला एक गोल, नाही तर आमचा गोठा.

डोमाजी दुसऱ्या दिवशी ओट्याखाली येऊन उभा राहिला. मी ओट्यावर शेंगा फोडत होते.

"मालक, एक इनंती हाये. अकोल्याले एक गोल पोराले मारू द्या."

मोठेबाबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. ते दुखावल्यासारखे दिसले. "मारू दे ना! मी कुठी नाई म्हणतो? मले काय पोराचं वाईट पाहाचं हाये? माहा एक झाला की दुसरा त्याचा. बस?"

डोमाजी तिथून हलला नाही.

"आन् नाईच जमलं," मोठेबाबा त्याची समजूत घालत म्हणाले, "तं पाडवा हायेच. आपलं घर कुठी जाऊन राहिलं?"

त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण फार मोठं मन दाखवलं. संध्याकाळी त्यांनी ते मोठ्या आईला दोनदा सांगितलं.

त्यानंतर देवमननं जे केलं ते बघून हसावं की रडावं कळत नव्हतं. तो रोज मोठेबाबांना गोल मारायला शिकवू लागला. शिकवतो असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून "मालक, जरा पाय मोकळे करा" असं म्हणून मैदानावर न्यायचा. चेंडू त्यांच्या पायाशी ठेवायचा. ते मारायचे, तो पळत जाऊन आणायचा. गोलच्या खांबांजवळून आणायचा, पलीकडच्या नालीतून आणायचा, एकदा तर रेल्वेच्या हद्दीतून आणला. "लय जवळून गेला मालक," असं म्हणायचा आणि पुन्हा ठेवायचा. मोठेबाबा खूष. ते म्हणायचे, "पोट्टा गुणाचा हाये, सालदार म्हून चांगला राहीन."

अकोल्याला आम्ही पॅसेंजरनं गेलो. मोठ्या आईचं माहेर अकोल्याचं, म्हणून तीही निघाली आणि मला घेतलं. डोमाजी सामान वाहायला होता. पुंजाजी वाटभर झडत्या जुळवत होता. गावातली वीस-पंचवीस माणसं बरोबर होती आणि सगळे एकाच गोष्टीवर बोलत होते, आज पाटलांचा गोल होते का नाही. देवमन खिडकीपाशी उभा होता.

मैदान काळ्या मातीचं, सकाळीच सर येऊन गेलेली. समोर अकोल्याच्या एका व्यायामशाळेची पोरं होती. मैदानाकडेला खुर्च्यांवर मिलचे साहेब आणि त्यांच्याजवळ भगवंतराव बसलेले. पंच म्हणून एक शाळामास्तर होते, हातात नियमांचं पुस्तक घेऊनच आले होते.

पूर्वार्धात देवमननं मोठेबाबांपुढे चेंडूंची पंगत वाढली. एक डाव्या पायाला, एक उजव्या पायाला, एक असा की नुसता बूट मधे धरला असता तरी आत गेला असता. मोठेबाबांनी बूट उचलून घेतला. त्या दिवशी मोठेबाबांचा गोल व्हावा अशी तळमळ साऱ्या अकोल्यात देवमनइतकी कोणाला नव्हती. त्याच्या तोंडाला कोरड पडलेली आम्हाला लांबून दिसत होती, तरी मध्यंतरात त्यानं पाणी घेतलं नाही. भगवंतराव साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते आणि साहेब घड्याळ बघत होते.

उत्तरार्ध सरत आला तरी दोन्हीकडे शून्य. आमच्या गोलकीपरनं त्या दिवशी जीव तोडून चेंडू अडवले होते. आणि मग देवमन निघाला. दोघांना चुकवलं, तिसरा घसरून पडला, गोलकीपर पुढे झेपावला आणि चिखलात आडवा झाला. समोर मोकळा गोल. देवमननं चेंडूवर पाय ठेवला आणि सवयीनं वळून बघितलं.

मोठेबाबा मैदानाच्या मधोमध उभे होते. त्यांचा एक बूट काळ्या मातीत रुतून बसला होता आणि पाय मोज्यासकट बाहेर आला होता. ते वाकून बूट उपसत होते. वर न बघताच त्यांनी हात केला, "थांब रे देवमन! बूट घालून येतो!"

"थांब! थांब!" आमची सगळी माणसं ओरडली. "पाटलायले येऊ दे!"

देवमन थांबला. खरंच थांबला. मी डोळे मिटून घेणार होते, तेवढ्यात रेषेबाहेरून एक आवाज आला. तो आवाज मी जन्मात कधी इतका मोठा ऐकला नव्हता. आमच्या ओट्याखाली उभं राहून हळूच बोलणारा डोमाजी दोन्ही हात वर करून ओरडला होता, "मार!"

देवमननं मारला.

अकोल्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे एक हात हलला नाही. पुंजाजीचं तोंड उघडंच राहिलं. चार-पाच वर्षं ज्या गोलसाठी मी मारुतीला छळत होते तो झाला होता, आणि आमच्या माणसांचे चेहरे सुतकात बसल्यासारखे होते. मग माझ्या शेजारून टाळी ऐकू आली. मोठी आई. पदर नीट घेतलेला, नजर समोर, आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. मला इतका आनंद झाला होता की रडू आलं.

मोठेबाबांचा बूट एव्हाना निघाला होता. तो हातात घेऊन ते लंगडत पंचांकडे गेले.

"मास्तर, हा गोल धरू नोका."

मास्तर बुचकळ्यात पडले. "अहो, तुमच्याच संघाचा गोल आहे."

"म्हून तं सांगून राहिलो. आमचा हाये, आमी नाई म्हणतो. तुमचं काय जाते?"

"कोणत्या नियमानं रद्द करू?"

"मले न इचारता झाला."

मास्तरांनी खरोखर पुस्तक उघडलं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, बडनेऱ्याकडचा काही नियम राहून गेला असावा. मग मिटवून म्हणाले, "गोल झालेला आहे. खेळा."

"मंग आमी खेयत नाई," मोठेबाबा म्हणाले आणि संघाकडे वळून ओरडले, "चला रे!"

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. जिंकत आलेला सामना होता, आयुष्यातला पहिला. देवीदासनं डोळे पुसले असं मला दिसलं. पण तो निघाला, मग दुसरा निघाला, मग सगळेच निघाले. गावातच राहायचं होतं त्यांना. मैदानावर समोरचे अकरा जण उरले आणि आमचा एकटा देवमन. मास्तरांनी थोडा वेळ वाट बघितली, शिट्टी वाजवली आणि सामना व्यायामशाळेला दिला. आमचा गोल पुसला गेला. मोठेबाबा बाहेर येऊन लोकांना सांगत होते, "पाह्यलं? नाईच धरला."

मी देवमनकडे बघत होते. भगवंतराव धोतराचा सोगा वर धरून चिखलातून त्याच्याकडे चालत गेले.

स्टेशनावर डोमाजीनं सामान नेहमीसारखं गाडीत चढवलं. मोठेबाबा आत बाकावर बसले आणि खिडकीतून म्हणाले, "देवमन कुठी हाये? म्हणा त्याले, ये. माफ केलं म्या. पाडव्याले पाय पडला म्हंजे झालं."

"तो राह्यला अकोल्यालेच," डोमाजी म्हणाला. "उद्यापासून मिलमंदी लागते."

"गोल तं धरला नाई. मंग नोकरी कायची?"

"सायेबानं डोयानं पाह्यला, मालक."

एवढं बोलून डोमाजी गाडीत चढला. तो नेहमी दाराशी खाली बसायचा. त्या दिवशी तो मोठेबाबांच्या समोरच्या बाकावर, खिडकीजवळ बसला आणि बाहेर बघू लागला. उठ म्हणायला मोठेबाबांनी तोंड उघडलं, पण डबा अनोळखी माणसांनी भरलेला होता. बडनेरा येईपर्यंत कुठे बघावं हे त्यांना कळेना, म्हणून ते आपल्या बुटांचा चिखल खरवडत बसले. मोठ्या आईशी त्यांनी टाळ्यांबद्दल अबोला धरला. तो बरेच दिवस टिकला. मोठी आई पुढे म्हणायची, "लय सुखाचे दिवस होते बाई ते."

पाडव्याला मोठेबाबा सालदाराचं नवं धोतर आणि नारळ घेऊन सकाळपासून ओट्यावर बसले. डोमाजी आला नाही. देवमननं आईबापांना अकोल्याला नेलं होतं. ओढ्यापलीकडून दुसरं कोणीही आलं नाही. ज्याला त्याला काहीतरी काम निघालं होतं. दुपारी नारळ घरात गेला आणि मोठ्या आईनं त्याची चटणी केली. त्या उन्हाळ्यात वखर धरायला माणूस मिळेना, तेव्हा मोठेबाबांना आम्ही पहिल्यांदा पळताना बघितलं. बैल पुढे आणि ते मागे.

संघ पुन्हा जमला नाही. देवमन मिलकडून पुष्कळ वर्षं खेळला आणि किती गोल केले याचा हिशेब त्यालाही नसेल. अकोल्याला मोठ्या आईच्या माहेरी गेले की मी त्याचे सामने बघायची. तो गोल मारायच्या आधी मागे वळून बघत नसे.

अडुसष्ट साली मोठेबाबा अंथरुणाला खिळले. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले की त्यांना पेज भरवायची. वाळून गेले होते, पण डोक्यावर टोपी होती. एके दिवशी माझ्यानं राहवलं नाही.

"मोठेबाबा, आता तरी खरं सांगा. अकोल्याचा तो गोल झाला होता का नाही?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मला वाटलं, माणूस जायला निघालाय, आता तरी मोकळं होईल.

"झाला असन," ते म्हणाले. "पण आपल्याले इचारून कुठी झाला?"

आणि त्यांनी पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. मी भरवला. मला त्यांचा इतका राग आला होता, की तो आज इतक्या वर्षांनीही गेलेला नाही.